मुलाची पहिली रायफल : प्रस्तावना

दहा-बारा वर्षांच्या मुलासाठी किंवा मुलीसाठी लहान नळीची, जुन्या घाटाची रायफल निवडावयाची झाल्यास ती कशी निवडावी, या प्रश्नाची चर्चा मराठीत पुस्तिकारूपाने व्हावी असा काळ आता आला आहे, असे मला मनापासून वाटते. एका पिढीपूर्वी आमच्या नारायण पेठेतील एखाद्या वाड्यात हा विषय कोणी काढला असता, तर वडीलधाऱ्यांनी तो तेथल्या तेथे मिटविला असता. कारण ज्या घरांत लेखणी, पुस्तक आणि फार तर मल्लखांब यांपलीकडे मुलांच्या हाती काही देण्याची वहिवाट नव्हती, त्या घरांत बंदूक म्हटली की ती पोलिसाच्या खांद्यावरची, सरहद्दीवरच्या जवानाच्या हातातली, किंवा जत्रेतल्या फुगेवाल्याच्या फळकुटावर ठेवलेली, एवढीच तिची ओळख होती. आज त्याच पेठेतील आईबाप, वाड्याच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर बसून, मुलाला कोणती रायफल घ्यावी याची विचारपूस करीत आहेत, आणि त्यांना उत्तर देणारा माणूस बहुधा विक्रेता असतो. विक्रेत्याने आपला माल विकावा यात गैर काही नाही. परंतु मुलाच्या खांद्याचे माप, त्याच्या डोळ्याचा कल आणि घरातल्या कपाटाचे कुलूप यांची चौकशी करण्यास त्याला सवड नसते, आणि निवडीचा खरा प्रश्न याच तीन ठिकाणी असतो.

ही विचारपूस वाढण्याचे कारण शोधावयास दूर जावे लागत नाही. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर रायफल थ्री पोझिशन या प्रकारात कांस्यपदक मिळविले, तेव्हा एका खेडेगावातील मुलगा या खेळात कोठवर जाऊ शकतो हे महाराष्ट्राने डोळ्यांनी पाहिले. त्याआधी २०१० साली कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी म्युनिक येथे ५० मीटर प्रोन प्रकारात जागतिक अजिंक्यपद पटकाविले होते. ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी की, या दोन्ही प्रकारांत जी रायफल वापरतात ती .२२ ची, म्हणजे ५.६ मिलिमीटर नळीची, लहान काडतुसाचीच रायफल होय. या काडतुसाचे आज सर्वत्र रूढ असलेले रूप १८८७ साली सिद्ध झाले, आणि तेव्हापासून आजतागायत नवशिक्याच्या पहिल्या धड्यापासून ऑलिंपिकच्या अंतिम फेरीपर्यंत तेच चालत आले आहे.

मुलांसाठी लहान नळीची रायफल ही कल्पना मुळात आपल्याकडची नव्हे. बोअर युद्धात दक्षिण आफ्रिकेतील शेतकऱ्यांच्या अचूक नेमबाजीने इंग्रजांना जो धडा मिळाला, त्यातून १९०१ साली इंग्लंडात लहान नळीच्या रायफलींच्या मंडळांची संघटना उभी राहिली. गिरण्यांतील कामगार, शाळांतील मुले आणि कचेऱ्यांतील कारकून संध्याकाळी बंदिस्त जागेत पंचवीस यार्डांवर नेम धरू लागले. १९०५ च्या सुमारास बर्मिंगहॅमच्या बी.एस.ए. कारखान्याने लिंकन जेफ्रीज यांच्या रचनेची, नळीखालच्या तरफेने स्प्रिंग चढविण्याची हवाई रायफल काढली, आणि पुढील अर्धशतकात त्या कारखान्याच्या रायफली साऱ्या साम्राज्यात पसरल्या. अमेरिकेत स्टीव्हन्स कारखान्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकातच मुलांच्या बेताची, हलकी, एका वेळी एकच काडतूस घेणारी रायफल बाजारात आणली होती. ‘जुन्या घाटाची रायफल’ असे आज आपण म्हणतो, तेव्हा अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, निळसर काळ्या पोलादाची नळी, उघडी माशी आणि प्रत्येक बारानंतर नव्याने भरण्याची सक्ती, ही जी प्रतिमा डोळ्यांपुढे उभी राहते, ती या काळात घडली.

आपल्याकडे त्या काळात वेगळेच घडत होते. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने या देशातील सामान्य प्रजेचा शस्त्राशी असलेला संबंध परवान्याच्या एका कागदावर आणून ठेवला, आणि तो कागद कोणाला मिळावा हे कलेक्टराच्या मर्जीवर राहिले. १८८७ च्या मद्रास येथील काँग्रेसच्या अधिवेशनात या कायद्याविरुद्ध ठराव झाला. नारायण पेठेतल्या ज्या गायकवाड वाड्यात पुढे ‘केसरी’ नांदला, त्या वाड्याच्या भिंतींनीही या विषयावरचे वाद ऐकले असतील. परिणाम मात्र असा झाला की, खंडेनवमीला पूजेच्या पाटावर तलवार, कट्यार, क्वचित एखादी ठासणीची गंजकी बंदूक ठेवून तिला गंधफूल वाहण्यापुरतीच शस्त्राची परंपरा मध्यमवर्गीय घरांत उरली. शस्त्र पूज्य झाले आणि अपरिचित झाले. ज्या वस्तूची पूजा करतो तिच्या वापराची शिस्त आपणास आपोआप ठाऊक असते अशी समजूत मग घर करते, आणि आजोबांच्या संदुकीतून निघालेली रायफल नातवाच्या हाती देताना याच समजुतीने मोठमोठ्या समंजस माणसांचाही तोल जातो.

ही तुटलेली परंपरा पुन्हा जोडण्याचे श्रेय, माझ्या मते, कोणत्याही राजघराण्याच्या शिकारखान्यापेक्षा १९४८ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय छात्रसेनेकडे जाते. खाकी गणवेशातल्या शाळकरी पोराला ओल्या गवतावर पालथे झोपवून, उस्तादाच्या करड्या नजरेखाली, .२२ ची जड लाकडी रायफल खांद्याला लावावयास शिकविणारी ती पहिली सार्वजनिक शाळा. अंजली वेदपाठक, म्हणजे पुढच्या अंजली भागवत, यांनी मुंबईच्या कीर्ती महाविद्यालयात असताना छात्रसेनेतूनच रायफल हाती घेतली आणि २००० साली सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीपर्यंत मजल मारली. छात्रसेनेच्या त्या रायफली दिसावयास जुनाट होत्या, वजनाने पोरांना झेपत नसत, तरी त्यांनी एक गोष्ट शिकविली : रायफल ही मुलाची मालमत्ता नव्हे, ती कोठीतून सही करून घ्यावयाची आणि सही करून परत करावयाची वस्तू आहे. या पुस्तिकेत पुढे जे काही सांगितले आहे, त्याचा पाया मी याच गोष्टीत पाहतो.

कायद्याचे म्हणणेही याहून फारसे निराळे नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या नवव्या कलमाप्रमाणे एकवीस वर्षे पूर्ण न झालेल्या व्यक्तीला अग्निशस्त्र जवळ बाळगता येत नाही. मात्र बारा वर्षांवरील मुलांना प्रशिक्षणासाठी, जाणत्या प्रौढाच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली, ते वापरता येते. .२२ ची रायफल, मग ती कितीही लहान, कितीही जुनी आणि कितीही शोभिवंत असो, अग्निशस्त्रच होय; तिला परवाना लागतो, आणि पुणे शहरात त्यासाठीचा अर्ज पोलीस आयुक्तांच्या कचेरीत गुदरावा लागतो. आजोबांच्या मागे राहिलेली रायफल वारसाहक्काने आपली झाली असे मानून ती कपाटात ठेवून देणे हाही गुन्हाच आहे. वारसाने रीतसर अर्ज करून परवाना आपल्या नावे करून घ्यावा, नाहीतर ते शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे. ४.५ मिलिमीटर नळीच्या, २० जूलपर्यंत शक्ती असलेल्या हवाई रायफलीला मात्र २०१६ च्या नियमांनुसार परवान्याची गरज नाही. ही सवलत वाचून पुष्कळ पालकांना हायसे वाटते. मला तिची थोडी चिंताच वाटते, आणि का ते सांगतो.

दहा मीटरच्या स्पर्धेतील हवाई रायफलीचा अर्ध्या ग्रॅमचा छर्रा नळीतून बाहेर पडतो तेव्हा त्याची शक्ती सात-आठ जूल असते, परवान्याविना मिळणाऱ्या रायफलीची मर्यादा त्याच्या अडीचपट आहे, आणि .२२ च्या साध्या काडतुसाची शक्ती सुमारे १४० जूल किंवा त्याहून अधिक. .२२ ची गोळी अनुकूल कोनात सुटल्यास दीड मैलापर्यंत जाऊ शकते, म्हणजे लकडी पुलाजवळून सुटलेली गोळी शनिवारवाडा ओलांडून पलीकडे जाईल. ही आकडेवारी डोळ्यांपुढे ठेवून नारायण पेठेचा नकाशा पाहावा : भिंतीला भिंत लागलेली घरे, दोन हातांच्या बोळाच्या पलीकडे शेजाऱ्याची खिडकी, गच्चीवर वाळत घातलेले कपडे आणि खाली मोदीच्या गणपतीला निघालेली म्हातारी माणसे. ज्या रायफलीला परवाना लागत नाही तिचा छर्राही डोळा कायमचा निकामी करू शकतो. या वस्तीत, कोणत्याही गच्चीवर, कोणत्याही चौकात, भिंतीला गोणपाट टांगून किंवा न टांगता, मुलाला नेम धरावयास लावू नये. पेठेतील मुलाने रायफल चालवावी ती बालेवाडीच्या क्रीडासंकुलासारख्या रेंजवर. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभारलेले ते संकुल पेठेपासून दहा-बारा किलोमीटरवर आहे, आणि गाडीच्या वर्दळीत तेवढे अंतर काटणे कंटाळवाणे असले तरी त्याला दुसरा पर्याय नाही.

आता निवडीकडे वळू, कारण विषयाचा खरा रस तेथे आहे. पहिली गोष्ट खांद्याची. दस्त्याच्या मागच्या टोकापासून चापापर्यंतचे अंतर प्रौढ माणसाच्या रायफलीत साधारणतः ३४ ते ३६ सेंटिमीटर असते. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला ते २८ ते ३० सेंटिमीटरच्या आसपास लागते. दस्ता लांब असला की मूल डोके मागे ओढते, कंबर मागे झुकवते, पोटाच्या बळावर नळी उचलते, आणि हात कापू लागला की त्या कापण्यालाच नेम समजते. असे एकदा अंगवळणी पडले की ते मोडावयास पुढे कोचला फार कष्ट पडतात. ‘मूल वाढेल, मग रायफल बेताची होईल’ हा हिशेब शाळेच्या गणवेशाला लागू असेल, रायफलीला लागू नाही. जुन्या रायफलीचा लाकडी दस्ता कापून आखूड करता येतो, आणि कापलेला तुकडा जपून ठेवून पुढे पातळ चकत्यांसह पुन्हा जोडताही येतो. हा लाकडाचा मोठाच गुण आहे. मात्र जो दस्ता मूळ स्थितीत मौल्यवान आहे त्याला करवत लावण्यापेक्षा दुसरी रायफल शोधावी.

दुसरी गोष्ट वजनाची. स्पर्धेतील हवाई रायफल साडेपाच किलोपर्यंत असू शकते, आणि ती स्थिर राहते ती बऱ्याच अंशी त्या वजनामुळेच. पण ते वजन पेलणारी पाठ आधी घडावी लागते. जुन्या काळच्या मुलांच्या रायफली दीड-दोन किलोच्या असत, आणि बैठकीवरून, आधारावर नळी टेकवून, मग पालथे झोपून, मग गुडघ्यावर, मग उभ्याने, असा जो चढता क्रम त्या काळचे शिक्षक सांगत, त्याला त्या अनुरूप होत्या. वाढत्या कण्यावर एका बाजूने रोज भार टाकणे बरे नव्हे. बारा वर्षांखालील मुलाला उभ्याने, आधाराविना, जड रायफल धरावयास लावणारा शिक्षक मला मान्य नाही.

तिसरी गोष्ट डोळ्याची, आणि हिच्याकडे सर्वांत अधिक दुर्लक्ष होते. उजव्या हाताने लिहिणाऱ्या कित्येक मुलांचा प्रबळ डोळा डावा असतो. दोन्ही हात पुढे पसरून तळव्यांच्या मध्ये लहानसा झरोका ठेवावा, त्यातून दूरच्या देवळाचा कळस पाहावा आणि एकेक डोळा मिटावा. ज्या डोळ्याला कळस त्याच जागी दिसतो तो प्रबळ डोळा. डावा डोळा प्रबळ असलेल्या मुलाला डाव्या खांद्यावरून शिकवावे हे उत्तम, आणि मग उजव्या हातासाठीच घडविलेला, गालाशी उंचवटा असलेला दस्ता आपोआप बाद होतो. जुन्या रायफलींचे दस्ते बहुधा दोन्ही बाजूंनी सारखे असत, म्हणून अशा मुलांना त्या सोयीच्या पडतात.

माशी आणि मागचे दर्शक यांबद्दल माझे मत ठाम आहे : पहिल्या वर्षी दुर्बीण नको. दुर्बीण लावली की मुलाचे सारे चित्त लक्ष्यावर जाते आणि स्वतःच्या श्वासावर, गालाच्या टेकणीवर, चापावरच्या बोटावर राहत नाही. मागे लहान छिद्र आणि पुढे गोल माशी असलेली रचना मुलाच्या डोळ्याला सर्वांत कमी शिणविते, आणि स्पर्धेतही तीच वापरतात. एका वेळी एकच काडतूस घेणारी रायफल पसंत करावी. प्रत्येक बारानंतर रायफल खाली ठेवणे, बोल्ट उघडणे, रिकामे कवच काढणे, मग नवे भरणे, या संथपणातच मुलाचे मन शांत होते, आणि शिक्षकाला बोल्ट उघडा आहे की मिटलेला एवढ्या एका खुणेवरून दुरूनही सारे समजते. जुन्या घाटाचे मोल मी येथे मानतो, शोभेसाठी नव्हे.

परंतु घाट जुना असणे निराळे आणि वस्तू जुनी असणे निराळे. खाजगी आयातीवर दीर्घकाळ निर्बंध असल्यामुळे आपल्याकडे पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या बी.एस.ए., डायना वगैरे रायफली हातोहात फिरत राहिल्या आणि त्यांना अवास्तव किंमत आली. अशी .२२ घ्यावयाची झाल्यास नळीच्या आतले आटे प्रकाशात पाहावे; विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांतील काडतुसांच्या ज्वालकात क्षार असत, आणि साफसफाईत हयगय झालेल्या नळ्यांना त्यांनी आतून देवीचे व्रण पडावेत तसे खड्डे पाडले आहेत. चाप न ओढता दस्ता जमिनीवर हलकेच आपटला असता घोडा सुटतो काय, हे रिकाम्या रायफलीत तपासावे. सुटत असेल तर ती रायफल मुलाच्या हाती कधीच जाऊ नये. रिकामी .२२ कटकट वाजवून पाहण्याची खोड लागू देऊ नये, कारण तिची सुई काडतुसाच्या कडेऐवजी नळीच्या तोंडावर आदळते आणि दोहोंचे नुकसान होते. स्प्रिंगच्या हवाई रायफलीत चामड्याचा वायसर वाळलेला, स्प्रिंग मोडकी किंवा कोणा उत्साही कारागिराने बदलून जबर केलेली असते. आणि जबर स्प्रिंग चढविताना मुलाचा हात सुटला तर उलटून येणारी नळी किंवा तरफ बोटे चिरडते. म्हणून वास्तविक जुनी वस्तू घेण्यापूर्वी ती परवानाधारक कारागिराला दाखवावी, त्याचा लेखी निर्वाळा घ्यावा, आणि निर्वाळा न मिळाल्यास ती वस्तू भिंतीवर टांगण्यासाठीसुद्धा घेऊ नये. छर्रे शिशाचे असतात. रेंजवरून परतल्यावर खाण्यापूर्वी हात साबणाने धुण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावावी. डोळ्यांना चष्मा आणि .२२ साठी कानांना संरक्षण, हे खर्च टाळता येण्याजोगे नाहीत.

लहान रायफल लहान मुलाची म्हणून कमी घातक असते, या भ्रमाचे मोल किती पडते याचे एक उदाहरण मला येथे द्यावेच लागते. २०१३ साली अमेरिकेतील केंटकी राज्यात पाच वर्षांच्या एका मुलाला भेट मिळालेली, मुलांसाठीच म्हणून बनविलेली .२२ ची रायफल घराच्या कोपऱ्यात उभी करून ठेवलेली होती; तिच्यात एक काडतूस राहून गेले आहे हे घरात कोणाला ठाऊक नव्हते; त्या मुलाच्या हातून ती सुटली आणि त्याची दोन वर्षांची बहीण मरण पावली. त्या घरात कोणी दुष्ट नव्हते. जर्मनीत याउलट बारा वर्षांखालील मुलांना छर्ऱ्याचीही रायफल देत नाहीत, प्रकाशकिरणाच्या रायफलीवर शिकवितात. हवाई रायफल बाराव्या वर्षी, आणि .२२ चौदाव्या वर्षी. हा क्रम आपण जसाच्या तसा स्वीकारावा असे माझे मत आहे, आपला कायदा बाराव्या वर्षी .२२ ला वाट देत असला तरी.

शिकारीचे नाव मी मुद्दाम शेवटी घेतले. मुंबईच्या खेतवाडीत वाढलेल्या एका पोराला त्याच्या मामांनी, अमिरुद्दीन तय्यबजी यांनी, हवाई बंदूक दिली. त्या बंदुकीने त्याने एक चिमणी पाडली. तिच्या कंठावरचा पिवळा ठिपका पाहून तो गोंधळला. आणि मामांची चिठ्ठी घेऊन मुंबई नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मिलार्ड साहेबांकडे गेला. मिलार्ड यांनी त्याच्यापुढे पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे खणामागून खण उघडले, आणि त्या पोराचे पुढे डॉ. सलीम अली झाले. ही गोष्ट मुलाला हवाई बंदूक घेऊन देण्याचे समर्थन म्हणून पुष्कळदा सांगितली जाते. माझ्या दृष्टीने तीत बंदुकीपेक्षा मामांची चिठ्ठी आणि मिलार्ड यांनी उघडलेले खण अधिक मोलाचे आहेत. मुलाच्या हाती शस्त्र आल्यावर त्याच्या प्रश्नाला उत्तर देणारी जाणती माणसे भोवती होती, म्हणून ते घडले. आज १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली पाखरावर छर्रा झाडणे गुन्हा ठरू शकतो, आणि कायदा नसता तरी ते मुलाला शिकवावयाचे नव्हे. कागदी लक्ष्यावरचा दहाचा ठिपका दहा मीटरच्या प्रकारात अवघा अर्धा मिलिमीटर व्यासाचा असतो. ज्याला पराक्रम हवा त्याला तेवढे आव्हान आयुष्यभर पुरेल.

पालकांना माझी एवढीच विनंती आहे की, ही पुस्तिका वाचून लगेच दुकानात जाऊ नये. मुलाला आधी एखाद्या नोंदणीकृत मंडळात घालावे, वर्षभर मंडळाच्याच रायफलीवर त्याला शिकू द्यावे, आठवड्यातून एकदा तरी स्वतः मागे बसून पाहावे, आणि वर्षाअखेरीस मूल उत्सुक असेल तर कोचला बरोबर घेऊन त्याच्या मापाची, एकबारी, हलकी हवाई रायफल निवडावी. ती घरी आणल्यास कुलपात ठेवावी, छर्रे दुसऱ्या कुलपात ठेवावेत, आणि दोन्ही किल्ल्या मोठ्यांच्या ताब्यात असाव्यात. .२२ चा विचार त्यानंतर दोन वर्षांनी करावा, आणि तोही ती रायफल रेंजच्या कोठीतच राहील या अटीवर.

नारायण पेठ, पुणे